कलाबाई उंबऱ्याबाहेर बसली

"आलं का?" कलाबाईने विचारलं.

वृषालीने नकारार्थी मान हलवली. दीड महिन्याच्या बाळाने पुन्हा तोंड लावलं, दोन-चारदा ओढलं, सोडलं आणि किंचाळायला लागलं. कलाबाई सुनेच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसली होती. नातवाचा गळा हलतो का, तेवढंच ती पाहत होती. वृषालीच्या शेजारी साड्यांचा गठ्ठा होता. भरतकामामागचे लोंबते धागे कापून त्या आज शेठला परत द्यायच्या होत्या. समोरच्या फळीवर पावडरच्या दुधाचा न उघडलेला डबा होता. कलाबाईनेच तो आणून सुनेच्या नजरेसमोर ठेवला होता.

सकाळी गुजराती आशा कार्यकर्ती हंसाबेन येऊन गेली होती. तिने झोळीच्या काट्याला बाळ टांगलं आणि आकडा पाहिला. वजन पुन्हा घटलं होतं.

"सोमवारपर्यंत वाढलं नाही, तर दवाखान्यात भरती करावं लागेल," ती म्हणाली. मग तिने वृषालीचा पदर बाजूला घ्यायला लावून बोटांनी हलकेच दाबलं. एक थेंब आला.

"दूध छे. उतरतुं नथी," हंसाबेन म्हणाली. "बाळ ओढतं तेव्हा आईच्या डोक्यातून रक्तात एक रस सुटतो. तो पोचला की दूध खाली येतं. जीव घाबरा असला की तो रस अडतो. दूध आतच राहतं."

"घाबरायला काय झालं?" कलाबाई म्हणाली. "घरात वाघ बसलाय?"

हंसाबेन हसली. काटा पिशवीत भरत म्हणाली, "ते तुम्हीच बघा, माजी."

आता दुपार कलली होती. गल्लीपलीकडच्या शेडमध्ये माग खडखडत होते. वृषालीचा नवरा संदीप तिथेच पाळीवर होता.

"संदीपला मी कापसाच्या शेतात, बांधावर बसून पाजलं," कलाबाई म्हणाली. "कधी थेंब कमी पडला नाही."

"हो, आत्याबाई."

"हो काय? आलं का?"

वृषालीने डोळे मिटून घेतले. बाळाने पुन्हा ओढलं. या वेळी गळा हलला. मग आणखी एकदा. कलाबाईने श्वास रोखला.

दारावर थाप पडली.

"माजी! साडी थई गई?" शेठचा माणूस भूपेंद्र साड्या न्यायला आला होता.

वृषालीचे खांदे कानांपर्यंत वर गेले. बाळाचा गळा थांबला. त्याने जोर लावून ओढलं, मग तोंड सोडून रडायला लागलं.

कलाबाई सुनेच्या खांद्यांकडे पाहत राहिली. हे तिने पाहिलेलं होतं. गावी, साक्रीकडे, दीर काठी घेऊन गोठ्याच्या दारात आले की म्हैस अशीच आक्रसायची. भरलेली कास, पण धार नाही. दीर म्हणायचे, चोरते साली. कलाबाई म्हणायची, "चोरत नाही ती. तुम्ही बाहेर व्हा आधी."

तिने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. तो अजून सुनेच्या गुडघ्याला भिडलेला होता. तिने तो मागे घेतला.

मग ती उठली. फळीवरचा डबा काढून काखेत मारला. साड्यांचा गठ्ठा उचलला, कात्री घेतली.

"आत्याबाई, मी करते ना, थोड्याच राहिल्यात…"

"तू बस."

तिने सुनेच्या पाठीवर क्षणभर तळवा ठेवला. विचारलं काही नाही. दार उघडून बाहेर आली आणि मागे पडदा ओढला.

"बस," ती भूपेंद्रला म्हणाली.

"सेठ बोंब मारेगा, माजी."

"मारू दे. त्याला सांग, म्हातारीला नीट दिसत नाही. वेळ लागतो."

भूपेंद्र कपाळावर हात मारून पायरीवर पाठमोरा बसला आणि त्याने मोबाइल काढला. कलाबाई उंबऱ्याबाहेर मांडी घालून धागे कापू लागली.

आतून रडणं वाढलं. ती अर्धवट उठली आणि परत बसली. कात्री चालू ठेवली. काही वेळाने रडणं थांबलं. नेहमीचा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. तो तिने गिळला.

गठ्ठा संपत आला तरी आतून काहीच ऐकू येईना. आता मात्र तिला राहवेना. तिने पडद्याची कड बोटभर सरकवली.

वृषाली भिंतीला टेकून, बसल्या जागी झोपली होती. खांदे उतरले होते. बाळाचेही डोळे मिटलेले होते, पण त्याचा गळा संथ, एका लयीत हलत होता. आणि दुसऱ्या बाजूने, जिथे कोणी ओढत नव्हतं, कोणाचा हात लागत नव्हता, तिथूनही दूध ठिबकत होतं. वृषालीच्या मांडीवर शेठची एक साडी राहून गेली होती. थेंब तिच्यावर पडत होते. गुलाबी कापडावर ओला डाग पसरत चालला होता.

कलाबाईने आयुष्यात पुष्कळ धारा काढल्या होत्या. हात न लावता वाहणारं दूध तिने कधी असं थांबून पाहिलं नव्हतं. तिच्या हातातली कात्री उघडीच राहिली.

"माजी," मागून गठ्ठा मोजणाऱ्या भूपेंद्रचा आवाज आला, "एक साडी कम है. अंदर रह गई क्या?"

गल्लीपलीकडे माग खडखडत होते. कलाबाईने मागे न बघताच हात वर केला.

"हळू बोल," ती कुजबुजली. "दूध उतरतंय."