पहिल्या धक्क्यानंतर

"आधी बूट, मग बॅग," ती लेकीला पुन्हा म्हणाली. "बॅग पाठीला लावून वाकलीस की तोल जातो."

चिमीने बॅग खाली ठेवून बूट चढवले. सासूबाई चपला घालून केव्हाच तयार होत्या.

"मी तर आता झोपतानाही पायातच ठेवणार," त्या म्हणाल्या. "या वयात मला वाकायला सांगू नका बाई."

ती एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करायची. तिथे भूकंप झाला तर काय करायचं याचं प्रशिक्षण झालं होतं. तेव्हापासून बायकोने घरात हे खूळ आणलंय, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगे. तो छापखान्यात फोरमन होता, शिस्तीचा भोक्ता. सुरुवातीला त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण पुढे त्यालाच गंमत वाटू लागली. सुट्टीच्या दिवशी तो खुर्ची टाकून बसे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिघींना दारापर्यंत पळवी.

"ढिल्या आहात. एवढ्यात छप्पर डोक्यावर आलं असतं."

"तुमचीही बॅग भरू का?" तिने एकदा विचारलं.

"मला कशाला? मी काय पळणाऱ्यातला वाटलो?" तो म्हणाला, आणि तिने तो विषय तिथेच सोडला.

हळूहळू घराचा चेहरामोहरा बदलला. काचेची भांडी जाऊन स्टीलची आली. भिंतीवरच्या जड तसबिरी खाली उतरल्या. ऐन वेळी अडकायला नको म्हणून दाराच्या कडीला तेल मिळालं. बॅगांमध्ये कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, बिस्किटं आणि चिमीचा शाळेचा दाखला गेला. आणि एकच नियम तिने पुनःपुन्हा घोकून घेतला: तोंडातून शब्द काढायचा नाही. एक ओरडला की सगळेच गोंधळतात. चिमीच्या तोंडाला दिवसभर खळ नसे, त्यामुळे तिला तेवढंच जड गेलं.

"पहिल्या धक्क्यानंतर जरा वेळ सगळं शांत होतं," ती दोघींना समजावून सांगे. "माणसाला वाटतं, सुटलो. तिथेच फसगत होते. दुसरा धक्का मोठा असतो. आपण त्या शांततेतच बाहेर पडायचं."

"पण आज खरंच निघायचंय, हे कळणार कसं?" चिमीने विचारलं.

"मी म्हणेन, दूध उतू गेलं. मग काही विचारायचं नाही. चालू लागायचं."

तो दिवस आला तेव्हा सगळे जेवायला बसले होते. कशाचीच चाहूल नव्हती. एकदम टेबल थरथरलं, पाण्याचा जग आडवा झाला, ताटं खणखणत जमिनीवर घरंगळत गेली. कपाटाचं दार निखळून एका बिजागरीवर लोंबकळू लागलं. चिमी शिकवल्याप्रमाणे डोक्यावर हात घेऊन टेबलाखाली शिरली. सासूबाई भिंतीला चिकटून डोळे मिटून उभ्या राहिल्या.

मग आतल्या खोलीचं दार आपटलं आणि सगळं शांत झालं.

तिने कानोसा घेतला. कपाळावरून काहीतरी ओघळत होतं. बोटांनी चाचपून पाहिलं. जखम खोल नव्हती. रुमाल दाबून धरत ती हलकेच म्हणाली, "दूध उतू गेलं."

बूट. बॅग. कडी आवाज न करता सरकली. उंबऱ्याशी सासूबाई थबकल्या, मागे वळून घराकडे बघत राहिल्या. त्या आता माघारी फिरतात की काय, असं तिला वाटलं. पण त्यांनीच दार ओढून घेतलं आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या. नाक्यावर पहिली जी बस आली, तीत तिघी चढल्या.

गोदामं मागे पडली, पेट्रोल पंप गेला, शहरातली शेवटची घरं गेली. दोन्ही बाजूंना मोकळी रानं लागली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपण अजून मुठी आवळूनच बसलोय.

"आता बोलू?" चिमीने कुजबुजत विचारलं.

"बोल. हवं तेवढं बोल."

मग काय, धरणाचं दार उघडावं तशी पोर सुटली. रान, गाई, ढग, ड्रायव्हरची टोपी, काहीच तिच्या तावडीतून सुटेना. सासूबाईंनी बिस्किटांचा पुडा फोडला, आणि कशावर कोण जाणे, दोघी सासवासुना हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तिला वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलून खिडकीबाहेर भिरकावला.

तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरचं लक्ष रुमालाकडे गेलं.

"काय झालं ताई?"

"आमच्या घरी धक्का बसला," चिमीनेच फुशारकीने सांगून टाकलं. "पण आमची सगळी तयारी होती!"

"अरे बापरे! आणि घरातले बाकीचे?"

"बाबा घरीच आहेत."

"मागे राहिले?" कंडक्टर चरकला. त्याचा हात घंटीच्या दोरीकडे गेला. "थांबा, गाडी उभी करतो. फोन लावू, कुणालातरी पाठवू त्यांना बघायला."

सासूबाईंनी उठून त्याचा हात धरला.

"थांबवू नका, दादा. जमीन हलली नव्हती," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटचा पोर आहे तो. म्हणूनच सांगते, थांबवू नका."