मिस्त्रीचे कान

निपाणीचा जिनाप्पा मिस्त्री ठार बहिरा. इंजिनाला काठी लावून बिघाड ऐकायची ती त्याची बायको, ब्राह्मी. ती वारून महिना झाला आणि तंबाखूवाले पद्मराज शर्यतीची मोटार घेऊन आले. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोटारीचा सुपरचार्जर किंचाळत होता.

"तुझे कान तर गेले की रं, मिस्त्री. चुकीचं खोललंस तर पुन्हा कुणी दारात यायचं न्हाय."

जिनाप्पानं त्यांचे ओठ वाचले. काठीचं एक टोक सुपरचार्जरला लावून दुसरं त्यानं सवयीनं शेजारी, ब्राह्मीच्या कानाच्या उंचीला धरलं. शेजारी कुणी नव्हतं. जरा वेळानं तो म्हणाला, "मागचं बेअरिंग."

खोलून बघितलं, तर तेच फुटलेलं.

"कसं कळलं रं?"

"पुढचं असलं की ती पाठीवर एक बोट टेकवती, अण्णा. मागचं असलं की दोन."