नदीकाठची हिरवळ

"माझं घर कुठाय?"

तिनं मासिक संपादकांच्या टेबलावर असं आपटलं की कपातला चहा बशीत आला.

संपादकांनी पान ओळखलं. गेल्या वर्षीचा पर्यटन विशेषांक, मधली दोन पानं. जुना दगडी पूल, पाण्यात प्रतिबिंब उतरलेला घुमट, मागे निळी टेकडी आणि घुमटापासून थेट नदीपर्यंत गेलेली हिरवळ. वर ठळक मथळा: 'कलावंतांच्या स्वप्नातलं गाव'. अंक निघाला आणि त्या गावाकडे माणसांची रीघ लागली. कोणी रंगपेटी घेऊन येई, कोणी कमानींची मापं घ्यायला.

"आजी, आधी बसा तरी."

"आजी असेल तुमच्या घरी. मी उभीच बरी आहे. ही हिरवळ दिसतेय ना तुम्हाला? इथे चार घरं आहेत. तिसरं माझं. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलंय, याच पुलाचे पाथरवट होते ते. आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात गवत उगवलंत!"

आळीत तिला तोफ म्हणत, अर्थात पाठीमागे. गेलं वर्षभर ती धुमसत होती. पाहुणे हातात हे मासिक घेऊन पुलावर उभे राहत, पानाकडे बघत, मग तिच्या घराकडे, आणि तोंड वाकडं करत. एकानं तर तिच्या दारात येऊन विचारलं होतं, "हे कधी पाडणार?" तिनं धुण्याचं पाणी त्याच्या बुटांवर ओतलं होतं. पण नगरपालिकेच्या नोटिशीवर पाणी ओतून भागणार नव्हतं. चारही घरं पाडायची होती; कारण दिलं होतं, 'स्थळाचे मूळ दृश्य पूर्ववत करण्यासाठी.' आणि मूळ दृश्याचा पुरावा काय, तर हेच मासिक.

"उद्या सुनावणी आहे," ती म्हणाली. "मला खरा फोटो हवाय. तुम्ही हात फिरवायच्या आधीचा."

तो फोटो आता नाही, हे तिला तिच्या मुलानं सांगितलं होतं. मुलगा याच मासिकात होता. छापण्याआधी फोटोतल्या तारा, कचरापेट्या, पाट्या पुसायचं काम त्याचं. इथे त्याला 'सफाई' म्हणत. "साहेबांनीच घरं काढायला लावली गं आई, माझ्या हातात काय आहे? मूळ फोटो तर कॉम्प्युटरमधून उडाला. आणि तू तिकडे अजिबात येऊ नकोस." महिनाभर तो हेच घोकत होता. बिचारा नोकरीला घाबरतो, असं तिला वाटलं. म्हणून येतानाच तिनं ठरवलं होतं: वाटेल ते बोलायचं, पण मुलाचा उल्लेख करायचा नाही.

"फोटो उडाला, हे मला सांगू नका," ती गरजली. "गरिबाचं घर उडवता येतं, फोटो बरा उडतो तुमचा!"

"कोण म्हणालं उडाला?" संपादक गोंधळले. "मूळ फोटो आम्ही कधीच पुसत नाही. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला लागतो."

त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. दोनचार फोटो पुढे सरकले आणि घुमटाखाली चार घरं उभी राहिली. पोपडे आलेल्या भिंती, पत्रे, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. तिसऱ्या घराच्या निळ्या दारावर तिनं बोट ठेवलं. पण राग गिळायला ती तयार नव्हती.

"मग पुसलीत का? लाज वाटली आमची?"

"मला नाही वाटली, बाई. उलट मी घरं ठेवा म्हणत होतो. घरांमुळे फोटोत जीव होता. पण आमचा सफाईवाला ऐकेना. तो तुमच्याच गावचा, वर टेकडीवर बंगला आहे त्यांचा. म्हणाला, साहेब, त्या खुराड्यांत उंदरांशिवाय कोणी राहत नाही, सगळ्या फोटोची शोभा जाते. फोटो काढायलाही तोच बरोबर गेला होता. म्हटलं, गावचा माणूस आहे, त्याला माहीत असणार."

इतका वेळ उभी असलेली ती, खुर्ची ओढून बसली.

"माझं चुकलंच. विचारायला हवं होतं," संपादक म्हणाले. "मोठा करून छापून देतो. नगरपालिकेला पत्रही देतो." त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली.

मुलगा दारात आला. खुर्चीत बसलेली बाई त्याला दिसली आणि तो उंबरठ्यावरच थांबला.

"हे बघ, तुझ्या त्या खुराड्यात माणसं राहतात," संपादक म्हणाले. "या बाईंचं घर आहे तिथे."

मुलाचे कान लाल झाले. त्यानं एकदा संपादकांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. मग हात जोडले.

"नमस्कार," तो म्हणाला. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला करतात, तसा.

संपादक तेवढ्यात फोटो मोठा करत होते. पत्रे जवळ आले, दोरी जवळ आली. दोरीवरच्या चादरीआडून एक बाई गच्चीच्या कठड्याशी आली होती. पुलाच्या दिशेनं उंच हात करून ती हसत होती.

"अरे, या तर तुम्हीच! पण हात कोणाला करताय एवढा?"

तिनं दारात उभ्या असलेल्या माणसाकडे शांतपणे पाहिलं.

"लांबून कोणी ओळखीचं वाटलं होतं," ती म्हणाली.