बिनकेबिनचं मशीन

“बाबा, काचेची केबिन असलेलंच मशीन घ्या. अंगावर कणभरसुद्धा बर्फ उडणार नाही,” दुकानात मुलगी म्हणाली.

कॅनडातलं आमचं घर उघड्या माळावर आहे. बर्फ हटवायच्या मशीनचं तोंड कुठेही वळवा, वारा तो बर्फ आपल्याच अंगावर आणून टाकतो. तीस हिवाळे मी असा पांढरा होऊन घरी यायचो आणि बायको दारातच अडवायची. “गिरणीतून आलात वाटतं! दळण कुठंय?” मग हसत हसत टॉवेलने माझ्या मिशा पुसायची.

ती गेल्याला आता आठ महिने झाले.

मी दुकानातलं सगळ्यात दणकट मशीन घेतलं, पण बिनकेबिनचं. परतताना मुलीने गाडीचं दार धाडकन आपटलं.

पहिलं वादळ आलं तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली होती. रस्ता मोकळा करून मी परतलो. भुवयांवरसुद्धा बर्फ होता. सवयीने दारातच थांबलो. मुलगी टॉवेल घेऊन तणतणत आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

“दळण कुठंय, बाबा?”

“गिरणीत फार गर्दी होती,” मी म्हणालो आणि मिशा पुढे केल्या.