बापूसोंची सुरावट

“किती महिने खोकतायत हे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“खोकला? न्हाई बाई, ह्यांना खोकला न्हाई,” आक्काताई ठामपणे म्हणाल्या.

इचलकरंजीच्या त्या वस्तीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. त्याने माणसं बहिरी व्हायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या कानांत सूरयंत्रं आली. बोलणं तेवढं जसंच्या तसं ऐकू यायचं. बाकी प्रत्येक आवाजाची धून व्हायची. मागांचं संतूर झालं, पाण्याच्या पंपाची बासरी झाली. आणि बापूसो कामावरून आले, पाठ करून पंच्याने तोंड पुसू लागले, की घरात एक हळवी सुरावट घुमायची. भाकरी थापता थापता आक्काताई ती गुणगुणायच्या. कशाची आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आक्काताईंच्या कानातलं यंत्र अलगद काढलं.

खाटेवर बापूसो खोकत होते. कापसाच्या धुळीने भरलेल्या छातीतून येणारा तो खरखरीत, ओला आवाज थांबतच नव्हता. आक्काताई भिंतीला टेकल्या.

“सांगायचं न्हाई व्हय मला?”

बापूसोंना धाप लागली होती.

“तू त्येच्यासंगं गुणगुणायचीस.”