पालथी पितळी

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी हौशीरामला बजावलं होतं, बायकोच्या गुडघ्यांची गोळी जेवणानंतरच द्यायची. हा नेम त्यानं मोडला नाही. पोटभर भाकर खाऊन, हात धुऊन मगच तो बायकोच्या तळहातावर गोळी ठेवायचा. ती गिळून झुंबरबाई पोरांना वाढायची आणि शेवटी उरलं तर स्वतः खायची. गुडघे मोकळे झाले, पण पोटात पीळ पडायला लागले. एके सकाळी काळी उलटी झाली आणि ती गेली. "ही गोळी रिकाम्या पोटाला पिळून काढते," डॉक्टर म्हणाले. "बाई जेवूनच गोळी घ्यायची ना?" "मी जेवून द्यायचो," हौशीराम पुटपुटला. तेराव्यानंतरही तिची जेवायची पितळी चुलीपाशी पालथीच होती. त्यानं ती सुलटी करून पहिली भाकर तिला वाढली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "जेवलीस का गं?" चुलीमागून नेहमीच्या आवाजात उत्तर आलं, "तुमचं होऊ द्या आदी."