अंधारी काच

काच तिसऱ्यांदा दिव्याखाली ठेवली, तरी आकडा तोच. तिने चष्मा पुसला. चूक चष्म्याची नव्हती.

नखाएवढी ती काच. तिच्यात कणभर चांदी मिसळलेली असते. एक्स-रेच्या खोलीत काम करणारे ती बिल्ल्यात घालून छातीवर लावतात. किरण लागले, की काच ते लक्षात ठेवते आणि अतिनील दिव्याखाली नारिंगी उजळते. जितके किरण जास्त, तितका उजेड जास्त. कितीदाही वाचा, खूण पुसली जात नाही.

ही काच मात्र जवळजवळ अंधारीच होती. आणि बिल्ला बाबांचा होता.

दुपारी बाबा नवा बिल्ला न्यायला आले. "काय गं, नापास झालो की काय?"

"शंभरात एकशे दहा मिळवलेत. म्हणूनच पकडले गेलात." तिने दुसरी काच पुढे केली. "ही तीन महिने ऑफिसच्या कपाटात नुसती पडून होती. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून थोडे किरण सगळ्यांनाच लागतात, तेवढे हिलाही लागले. तुमच्या काचेला त्याहूनही कमी! बिल्ला होता कुठे, बाबा?"

बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. "शिशाच्या जाड डब्यात."

"आणि तुम्ही?"

"मशीनपाशी. लहान पोरं टेबलावर एकटी पडून राहतात होय? कुणीतरी धरावं लागतं."

"पाळीपाळीने धरायचं असतं!"

"माझ्याकडे रडत नाहीत गं ती."

खरा आकडा दिसला असता, तर नियमाप्रमाणे बाबांना त्या खोलीतून हलवलं असतं. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं आणि त्यांचा सगळा जीव त्या पोरांत. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने पेन उचललं आणि अहवालात लिहिलं : बिल्ला वापरलेला नाही. अक्षर वाकडं आलं.

"बदली टाळायला साहेबांपासून लपवलंत ना?"

"साहेबांपासून? त्यांना मी सकाळीच सगळं सांगून आलोय. सोमवारपासून नोंदणीच्या खिडकीवर बसणार." बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. "पण काच तू वाचतेस, बाळ. मोठा आकडा आला असता, तर तो सगळ्यांत आधी तुला दिसला असता."